न झालेली कावीळ

"कावीळ लिही की. सगळ्यांना तेच म्हाईत हाय," आई म्हणाली आणि मेथी निवडायला लागली. तिच्या लेखी विषय संपला होता.

मानवतच्या आमच्या घरात, पुढच्या खोलीत, मी मांडीवर लॅपटॉप घेऊन बसले होते. ऑस्ट्रेलियातल्या एका दवाखान्यात नर्सची नोकरी पक्की झाली होती. इंग्रजीची परीक्षा झाली होती, कागदपत्रं झाली होती, राहिली होती ती व्हिसाची वैद्यकीय तपासणी. तिच्याआधी एक फॉर्म भरायचा असतो. क्षयरोग झाला होता का? ऑपरेशन झालं होतं का? मी भराभर 'नाही' 'नाही' करत आले आणि एका ओळीवर बोट थांबलं. मानसिक आजारासाठी कधी उपचार घेतले आहेत का?

"कावीळ लिहिली तर लिव्हर तपासतील," मी म्हणाले. "न झालेल्या आजाराचे रिपोर्ट कुठून आणू?"

"मग 'न्हाई' लिही."

"ते खोटं आहे."

"आन् कावीळ लय खरी होती का?"

मी चिडले. उत्तर सुचलं नाही की मी चिडते, हे घरात सगळ्यांना माहीत आहे. सगळे म्हणजे आम्ही दोघी. वडील मी आठवीत असतानाच गेले.

तर ही कावीळ. बारा वर्षांपूर्वी मी परभणीला नर्सिंगच्या दुसऱ्या वर्षाला होते. दिवाळीच्या सुट्टीत घरी आले आणि आडवी झाले. ताप नाही, दुखणं नाही, नुसतं उठवत नव्हतं. झोप नाही, भूक नाही, केस विंचरायचे म्हटलं तरी रडू यायचं. आई शाळेत क्लार्क. सकाळी ज्या कुशीवर मला बघून जायची त्याच कुशीवर मी तिला संध्याकाळी सापडायचे. एके दिवशी ती शाळेला निघाली तेव्हा मी म्हणाले, "आई, मी नसले तर तुझं बरं होईल." तिनं हातातला डबा खाली ठेवला, शाळेत फोन केला, दिवसभर माझ्या उशाशी बसून राहिली आणि दुसऱ्या दिवशी सकाळी मला घेऊन नांदेडच्या गाडीत बसली. मनाच्या डॉक्टरचं नाव तिनं कुठून काढलं, ते तिनं आजतागायत सांगितलेलं नाही.

नांदेडचे डॉक्टर पन्नाशी ओलांडलेले, हळू बोलणारे. त्यांनी माझं सगळं ऐकून घेतलं आणि आईला म्हणाले, "पोरगी नाटक करत नाहीये, बाई. आजार आहे. वेळ लागेल, पण बरा होतो." घरी येऊन पहिली गोळी घेतली त्याच्या आधीच मला त्या 'नाटक करत नाहीये'नं थोडा आराम पडला होता.

परतीच्या गाडीत आईनं ठरवून टाकलं. "गल्लीत कुणी विचारलं तर कावीळ."

निवड लय हुशारीची होती, हे मी आजही मान्य करते. काविळीत माणूस महिनोन्‌महिने पडून राहतं, वाळतं, कुणाशी बोलत नाही, आणि पुढं त्याच्या लग्नाच्या आड काही येत नाही. पण खोटं बोलायचं म्हणजे ते रोज रांधावं लागतं. आमच्या घरात फोडणी बंद झाली. तेलाचा, तिखटाचा वास गल्लीत गेला असता तर बिंग फुटलं असतं. माझी आई म्हणजे ठेच्याशिवाय घास न गिळणारी बाई, तिनं चार महिने उकडलेलं आणि आळणी खाल्लं. दोघींचं वजन सारखंच घटलं. लोक म्हणायचे, बिचारीनं लेकीसाठी हाय खाल्ली.

आणि लोकांची माया! कुणी उसाचा रस आणून दिला, कुणी फुटाणे, कुणी मुळ्याचा रस. समोरच्या काकूंनी तर पोखर्णीकडच्या एका बाईकडून काविळीची माळ आणली. झाडाच्या ओल्या काड्यांची असते ती. डोक्यावर ठेवतात, आणि कावीळ उतरत जाईल तशी ती लांब होत गळ्यात, मग पोटापर्यंत येते म्हणतात. काकू रोज येऊन माळ बघायच्या. त्यांची दुसरीतली पोरगी त्यांच्या पदराला धरून माझ्याकडं टकामका बघत उभी राहायची. आठव्या दिवशी माळ माझ्या पोटाशी आली. "बघा, उतरली की न्हाई!" काकू म्हणाल्या, आणि त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. न झालेली कावीळ उतरली म्हणून ती बाई खरं रडली. मला तेव्हा तिचा राग यायचा. आता येत नाही.

नांदेडला रोख पैसे मोजून गोळ्या घेणं परवडत नव्हतं, आणि उधारीवर देणारं ओळखीचं मेडिकल मानवतला एकच. काउंटरवर कायम चार माणसं, आणि चिठ्ठीच्या माथ्यावर मोठ्या अक्षरात डॉक्टरांचं नाव नि मनोविकारतज्ज्ञ. आईनं त्यावर तोडगा काढला. नांदेडहून आलं की कात्री घ्यायची आणि चिठ्ठीचा वरचा भाग कापून टाकायची. खाली उरायच्या नुसत्या औषधांच्या दोन ओळी. मी अंथरुणातून ते बघायचे. कात्रीचा तो कच्चकन आवाज आला की मला वाटायचं, आईला माझी लाज वाटते. बारा वर्षं ते माझ्या मनात राहिलं.

गोळ्यांबरोबर मेडिकलवाल्या काकांकडून दर महिन्याला लिव्हरच्या सिरपची एक बाटलीही यायची. मला वाटायचं, त्यांनाही आम्ही फसवलंय आणि ते बिचारे काविळीचं औषध देतायत. आई सिरप मोरीत ओतायची आणि रिकाम्या बाटल्या खिडकीत, रस्त्यावरून दिसतील अशा मांडून ठेवायची.

साडेतीन महिन्यांनी एका सकाळी मला चहाचा वास आवडला. एवढंच झालं. आईला म्हणाले, "आलं टाकलंस का?" तर ती गॅस तसाच सोडून शेजारच्या खोलीत गेली आणि बराच वेळ बाहेर आली नाही. चौदा महिने गोळ्या घेतल्या, मग डॉक्टरांनी हळूहळू बंद केल्या. वाया गेलेलं वर्ष मी भरून काढलं, परभणीच्या दवाखान्यात लागले, आणि तो आजार पुन्हा माझ्याकडं फिरकला नाही.

आणि आता हा फॉर्म.

परभणीच्या एजंटला विचारलं तर तो हसला. "ताई, 'नाही'वर टिक करा आणि मोकळ्या व्हा. बारा वर्षांपूर्वीचं कोण उकरायलंय?" क्षणभर मला पटलंही. पण वॉर्डात मी रोज काय करते? ऑपरेशनच्या आधी पेशंटला विचारते, तंबाखू खाता का, दम्याचा त्रास होता का. ते 'न्हाई बाई' म्हणतात आणि खिशातली पुडी मला दिसत असते. मग मी त्यांना झापते: लपवलंत तर भूल द्यायची कशी? तीच मी आता तिकडं नर्स म्हणून जाणार, आणि जाताना पहिलं पाऊल खोट्यावर ठेवणार? शिवाय पुढं कधी उघड झालं तर आजारासाठी कुणी बोल लावणार नाही, लपवल्यासाठी लावतील आणि व्हिसा काढून घेतील. मी 'हो'वर टिक केलं.

आईनं दोन दिवस माझ्याशी अबोला धरला. तिसऱ्या दिवशी पोळ्या लाटता लाटता म्हणाली, "तिकडच्या सरकारच्या कागदावर एकदा चढलं की ते पुसतंय का? नोकरी जाईल, आन् इकडं बी कळंल. मग तू ना इकडची ना तिकडची. म्हणून का मी तुला उठवलं?"   तिचं म्हणणं खोटं नव्हतं. नोकरी जाऊ शकत होती.

तपासणी हैदराबादला होती. तिथं फोन केला तर सांगितलं, ज्या डॉक्टरांनी उपचार केले त्यांचं पत्र आणा. आजार कोणता, औषधं कोणती, कधीपासून कधीपर्यंत, आता कसं आहे. मी नांदेडच्या डॉक्टरांना फोन लावला. ते निवृत्त झालेले. "आठवते की," ते म्हणाले. "कावीळवाली ना तू?" आईनं त्यांनाही आमची गंमत सांगितली होती तर! पण मग म्हणाले, "दवाखाना आता माझ्या एका विद्यार्थिनीकडे आहे. इतके जुने कागद राहिलेले नाहीत. नुसत्या आठवणीवर पत्र कसं लिहू? चिठ्ठ्या घेऊन ये, लगेच लिहून देतो."

आईनं निमूटपणे कपाटातून बिस्किटाचा जुना डबा काढला. आत चिठ्ठ्या होत्या, नीट घड्या घातलेल्या. माझं नाव नाही, डॉक्टरांचं नाव नाही, तारीख नाही. सगळं वर असतं आणि वरचं कापलेलं. जगातल्या कुणाच्याही असू शकल्या असत्या त्या.

मी आईवर ओरडले. मनात बारा वर्षं साठलेलं सगळं ओरडले. "एवढी लाज वाटत होती तर नेलंस कशाला मला?" असंही बोलून गेले. ते बोलायला नको होतं.

आई डब्याचं झाकण हातात धरून उभी राहिली. मग म्हणाली, "वरचं मी जाळलं न्हाई. मेडिकलवाल्याला द्यायचे. त्यानं पहिल्याच दिवशी सांगितलं, वहिनी, डॉक्टरचं नाव बघितल्याबिगर ह्या गोळ्या देता येत न्हाईत. मग खालचा कागद सगळ्यांसमोर द्यायचा आन् वरचा मुठीत. नाव बघून जाळून टाका म्हणायचे."

दुसऱ्या दिवशी सकाळी मी मेडिकलवर गेले. काका आता म्हातारे झालेत, जाड भिंगाचा चष्मा, पण दुकानात तेच बसतात. गिऱ्हाईक जाईपर्यंत मी थांबले आणि मग हळूच विषय काढला. त्यांनी माझ्याकडं बघितलं, स्टूल ओढलं, चढायला लागले. मी म्हणाले, काका, मी चढते, तर "तुला सापडणार न्हाई" म्हणाले. सगळ्यात वरच्या फळीवरून एक खाकी पाकीट काढलं. फुंकर मारून धूळ झटकली. आत टाचणीला लावलेल्या कागदाच्या चौदा पट्ट्या. चौदाही पट्ट्यांवर माझं नाव, वय, तारीख, डॉक्टरांचं नाव.

"वहिनींनी जाळायला सांगितलं होतं," ते म्हणाले. "पण बिना नावाच्या कागदावर गोळ्या दिल्या म्हणून उद्या मला कुणी विचारलं असतं तर? दाखवायला काहीतरी लागतंच की. मग तू बरी झालीस. म्हणलं, आता कशाला जाळायचं, ऱ्हाऊ द्या."

"म्हणजे तुम्हाला पहिल्यापासून माहीत होतं?"

"नाव वाचायला येतंय मला."

"मग ते लिव्हरचं सिरप कशाला द्यायचे?"

"ते तुला नव्हतं, पोरी. ते तुमच्या गल्लीला होतं."

मी दुकानातच खो खो हसले आणि हसता हसता रडायला लागले. काकांनी मला पाणी दिलं आणि नवं गिऱ्हाईक आलं तसं मोठ्यानं म्हणाले, "मग, कधी चालली तिकडं?" बारा वर्षांत ह्या माणसानं माझ्याकडं एकदाही वेगळ्या नजरेनं बघितलं नव्हतं. बसस्टँडवर भेटायचे, लग्नकार्यात भेटायचे, 'काय म्हणतंय नर्सिंग' एवढंच विचारायचे. माझं अख्खं गुपित त्यांच्या फळीवर होतं आणि मला त्याचं ओझं कधी जाणवू दिलं नाही. मी त्यांच्या पाया पडले. दुसरं काय करणार?

त्या दुपारी आम्ही दोघी फरशीवर बसलो. वरच्या पट्ट्या एकीकडं, खालचे कागद एकीकडं. आईची कात्री कधीच सरळ चाललेली नव्हती. कुठं चढ, कुठं उतार, एका ठिकाणी तर मधेच थांबून पुन्हा कापलेलं. त्यामुळं कोणती पट्टी कोणत्या कागदाची ते बरोबर लागत गेलं. एक खालचा कागद मिळालाच नाही. बाकी तेरा जुळले. मी चिकटपट्टी लावत होते, आई कागद धरत होती.

"शाळेत रोज कागद कापतेस, ह्या एवढ्याच रेघा वाकड्या का गं?" मी विचारलं.

"दिसत नव्हतं," आई म्हणाली. "डोळ्यांत पाणी असायचं."

बारा वर्षं मी त्या कात्रीच्या आवाजाला आईची लाज समजत होते. लाज होतीच थोडी, नव्हती असं नाही. भीती तर खूपच होती. पण त्याच बाईनं मला दर महिन्याला नांदेडला नेलं. कुणी अंगारा दिला तर तोही माझ्या कपाळाला लावला आणि वर गोळी गिळली की नाही ते तोंड उघडून बघितलं. एकही गोळी चुकू दिली नाही. मी म्हणाले, "आई, मी चुकीचं बोलले." ती म्हणाली, "चिकटपट्टी सरळ लाव."

डॉक्टरांनी तेरा चिठ्ठ्या चष्मा वर करून बघितल्या, हसले आणि दोन पानांचं पत्र लिहून दिलं. विद्यार्थिनीकडून माझी आताची तपासणीही करून घेतली. ते घेऊन आम्ही हैदराबादला गेलो.

वजन, उंची, डोळे, रक्त, छातीचा फोटो, सगळं झालं. शेवटी एका वयस्क डॉक्टरीणबाईंनी आत बोलावलं. पत्र वाचलं.  "अब नींद बराबर आती ना?" त्यांनी विचारलं. आती है, म्हणाले. "काम पे कभी छुट्टी लेना पड़ा, इस वजह से?" नहीं. आणखी चार-पाच प्रश्न विचारले आणि टाइप करत गेल्या. न राहवून मी विचारलं, "इससे वीज़ा रुकेगा क्या?"

"फ़ैसला हमारा नहीं, उनका है. हम जो है वो लिखते. आप बता दिए, अच्छा किए." आणि स्टेथोस्कोप कानाला लावून म्हणाल्या, "चलो, लंबी साँस लो."

बाहेर आई पिशवी मांडीवर घेऊन बसली होती. "काय म्हणली?"

"म्हणली, सांगितलं ते चांगलं केलं."

"इतकंच?"

"इतकंच."

आईनं पिशवी मांडीवरून खाली ठेवली. मग म्हणाली, "इतक्यासाठी मी चार महिने फोडणी दिली न्हाई?"

पुढचे काही आठवडे कसे गेले ते विचारू नका. मेल उघडायची आणि बंद करायची, एवढंच काम. एका सकाळी व्हिसा आला. आईनं देवापुढं साखर ठेवली आणि मेडिकलवाल्या काकांना पेढे नेऊन दिले. गल्लीत पण वाटले. समोरच्या काकूंकडं पेढे द्यायला आम्ही दोघीच गेलो.

काकूंचं तोंड उतरलेलं होतं. तीच ती पदराला धरून उभी राहणारी पोरगी, आता कॉलेजला गेलेली. महिन्यापूर्वी होस्टेलवरून घरी आली होती. आतल्या खोलीत भिंतीकडं तोंड करून पडलेली दिसत होती.

"कावीळ झालीया," काकू म्हणाल्या. माझ्याकडं न बघता म्हणाल्या.

आई आत गेली. पोरीच्या शेजारी बसली, तिच्या केसांवरून हात फिरवला आणि बोटानं हलकेच तिच्या डोळ्याची खालची पापणी ओढून बघितली. पांढरेशुभ्र होते डोळे. आई बाहेर आली. मला वाटलं आता ती 'उसाचा रस द्या' म्हणेल आणि आम्ही घरी जाऊ. मी पेढ्यांचा डबा हातात घेऊन तशीच उभी होते.

"माझ्या लेकीला कावीळ झालीच नव्हती, वैनी," आई म्हणाली. "मनाचा आजार होता. नांदेडला औषध केलं. बरी झाली, आता ऑस्ट्रेलियाला जायलीय. सरकारच्या कागदावर लिहून जायलीय."

काकूंनी विचारलं, "मग ती माळ उतरली ती?"

"काड्या वाळल्या की उतरतीच माळ."

काकू खाली बसल्या आणि तोंडाला पदर लावून रडायला लागल्या. आई त्यांच्या शेजारी टेकली. त्यांचा हात आपल्या हातात घेतला आणि म्हणाली, "उद्या सकाळच्या गाडीनं जाऊ. मी येते संगं. तिथं आता बाई डॉक्टर हायत, चांगल्या हायत." मग म्हणाली, "आन् चिठ्ठी देतील ती अख्खी ठेवा. कापू नका."